शारदेची संमति

कै. गोविंद बल्लाळ देवलांचें 'संगीत शारदा' 1899 सालीं रंगभूमीवर आलें आणि जरठ-कुमारी विवाहाची चाल त्यानें लोकांच्या हंशाचा विषय करून सोडली. हें श्रेय नाटककाराचेंच. तरीहि पुनर्वाचनांत एक प्रश्न मनाला टोंचत राहतो.

भुजंगनाथाचें लग्न मोडतें कशामुळें? शारदेला तें नको असतें म्हणून नव्हे. वधूवर सगोत्र ठरतात म्हणून! गोत्र निराळें निघतें तर कांचनभटाचा लोभ सफळ झाला असता आणि मुलीचे अश्रु अंतरपाटाआड जिरले असते.

अर्थात् देवलांनीं काळापुढें आरसा धरिला, त्यांत त्यांचा दोष काय? 1887 सालीं मुंबईच्या न्यायालयानें रखमाबाईंस पतिगृहीं जाण्याचा अथवा तुरुंगवासाचा हुकूम केला. त्यांनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यानें मर्यादा 10 वरून 12 वर नेली. पण त्यानेंहि संमति मोजली ती वर्षांत, स्त्रीच्या शब्दांत नव्हे.

म्हाताऱ्या नवऱ्याला हंसणें सोपें आहे. वर तरुण व सुस्वरूप असला, तरी मुलीला विचारावयास नको काय? आणि विवाहानंतर तिचा 'नाहीं' हा शब्द विरून जातो काय? 2023 च्या भारतीय न्याय संहितेंतहि सज्ञान पत्नीचा नकार पतीवरील बलात्काराच्या आरोपास पुरेसा धरलेला नाहीं.

सारांश, शारदा मांडवांतून सुटली. तिचा प्रश्न अद्याप सुटावयाचा आहे.