पोट म्हणजे चंचुपात्र नव्हे

एनसीईआरटीचे दहावीचे विज्ञानाचे पुस्तक २००६-०७ च्या सुमारास आले आणि केंद्रीय मंडळाच्या शाळांतून पुढे वर्षानुवर्षे शिकवले गेले. त्यातील आम्ल, आम्लारी आणि क्षार यांवरचे प्रकरण एका घरगुती प्रश्नाने सुरू होते. घरातल्या एकाला फार जेवल्यामुळे आम्लपित्ताचा त्रास होतो आहे. लिंबाचा रस, व्हिनेगर आणि खाण्याच्या सोड्याचे पाणी यांपैकी तुम्ही काय सुचवाल? अपेक्षित उत्तर अर्थातच सोडा.

शिकवण्याच्या दृष्टीने प्रश्न चांगला आहे. रसायनशास्त्र प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात येते, मुले लगेच बोलू लागतात. पुढे मिल्क ऑफ मॅग्नेशियासारखा सौम्य आम्लारी या कामी वापरतात हेही सांगितले आहे. त्यामुळे आमचा आक्षेप रसायनावर नाही. येथे पंधरा वर्षांच्या मुलाला घरच्या माणसासाठी औषध सुचवायला सांगितले आहे. पण औषध सुचवण्यापूर्वी काय काय विचारायचे असते, याबद्दल पुस्तक एक अक्षरही बोलत नाही, हा आमचा आक्षेप आहे.

प्रश्नातला माणूस 'फार जेवलेला' आहे, हे मुद्दाम पाहावे. अमेरिकेत खाण्याचा सोडा आम्लनाशक म्हणून विकला जातो तेव्हा त्याच्या वेष्टनावर इशारा छापलेला असतो: पोट अन्नाने वा पेयाने तुडुंब भरलेले असताना हे घेऊ नये, आणि पावडर पाण्यात पूर्ण विरघळल्याशिवाय पिऊ नये. म्हणजे पुस्तकाने सोड्यासाठी जो रोगी निवडला, नेमका त्यालाच सोडा देऊ नये असे वेष्टन सांगते! कारण गणिताने समजते आणि ते फळ्यावर करून दाखवण्यासारखे आहे. ८४ ग्रॅम सोड्यापासून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. चहाचा एक चमचा सोडा सुमारे ५ ग्रॅम धरला आणि तो सगळाच्या सगळा आम्लाशी संयोग पावला, तर शरीराच्या तापमानाला जवळजवळ दीड लिटर वायू होईल. जठरात एका वेळी तेवढे आम्ल सहसा नसते, म्हणून प्रत्यक्षात वायू याहून पुष्कळ कमी निघतो आणि बहुतेकांचे ढेकरेवर भागते. तरीही भरगच्च जेवणावर सोडा घेतल्याने जठर फाटल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. त्या विरळा आहेत, पण कारण इतके सोपे आहे की दहावीच्या मुलाला ते सहज कळेल.

न वापरला गेलेला सोडा आतड्यातून रक्तात जातो. ५ ग्रॅम सोड्यात सुमारे १.४ ग्रॅम सोडियम असते. प्रौढ माणसाने दिवसात २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरातली सोडा पिणारी व्यक्ती बहुधा आजोबा किंवा आजी असते, आणि त्यांना रक्तदाबाची गोळीही चालू असते. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेले. तेच सोडियम फसफसणाऱ्या पाण्यातून पोटात जाते आणि ते खारट लागत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. मिल्क ऑफ मॅग्नेशियात सोडियमचा हा प्रश्न नाही, पण त्याने जुलाब होतात. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडने शौचास घट्ट होते. म्हणून बाजारातल्या पातळ औषधांत दोन्ही एकत्र असतात. मूत्रपिंडे अधू असलेल्यांनी ही औषधेसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नयेत. शिवाय लोहाच्या गोळ्या, थायरॉईडची गोळी आणि टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके यांना आम्लनाशके जखडून ठेवतात व अंगी लागू देत नाहीत. दोहोंत काही तासांचे अंतर लागते. किती, ते औषध देणाऱ्याला विचारावे.

दुसरा आक्षेप निदानावर आहे. अपचन झाले की जठर जास्त आम्ल तयार करते, असे पुस्तक सांगते. छातीत जळजळणाऱ्या बहुतेक लोकांचे आम्ल जास्त नसते; ते चुकीच्या जागी गेलेले असते. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप ढिली पडली की जठरातला रस वर येतो. जठराला आतून श्लेष्मल थराचे अस्तर आहे, अन्ननलिकेला तसे संरक्षण नाही. म्हणून तेच आम्ल खाली मुकाट्याने काम करते आणि वर आग पाडते. हे समजले तर जेवल्याबरोबर आडवे होऊ नये, उशाची बाजू उंच करावी, रात्री उशिरा जेवू नये, या सूचनांना अर्थ येतो. 'जास्त आम्ल' एवढेच शिकलेल्या मुलाला या सूचना म्हाताऱ्यांच्या कटकटी वाटतील.

मराठी शाळांतून आणखी एक गोंधळ आहे आणि तो पुस्तकाचा नाही, भाषेचा आहे. घरात आम्लतेला 'पित्त' म्हणतात. वर्गात यकृतातून येणारा पित्तरस शिकवतात आणि तो आम्लारीधर्मी असतो. अंगावर गांधी उठल्या तरी 'पित्त उठले' म्हणतात आणि त्याची गोळी निराळीच. आयुर्वेदातले पित्त ही तर आणखी वेगळी कल्पना. 'पित्ताची गोळी द्या' म्हणून दुकानात पाठवलेले मूल कोणती गोळी आणील, हे दुकानदाराच्या तर्कावर अवलंबून असते. आमच्या मते हा शब्द फळ्यावर लिहून त्याचे चारही अर्थ मुलांकडून काढून घेण्यात एक तासिका गेली, तरी ती वाया जाणार नाही.

सर्वात मोठी उणीव मात्र पुढेच आहे. आज पोटासाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्या उदासिनीकरण करीतच नाहीत. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडीन १९७६ साली ब्रिटनमध्ये बाजारात आले. हिस्टामिनचा निरोप जठरातल्या पेशींपर्यंत पोचू न देणे हे त्याचे काम. या कामाचा वाटा ब्लॅक यांच्या १९८८ च्या नोबेल पारितोषिकात होता. त्याच कुळातले रॅनिटिडीन आपल्याकडे घरोघर पोचले. पण त्यात एनडीएमए हे कर्करोगकारक असण्याचा संभव असलेले द्रव्य सापडल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढून घ्यायला सांगितले, आणि भारताने २०२२ साली आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळले. १९८८ पासून ओमेप्राझोल आणि त्यामागून पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल आली. आम्ल बाहेर टाकणारा पेशींतला पंपच ही बंद पाडतात.

वर्गात विचारावे: ओमेप्राझोलची २० मिलिग्रॅमची मात्रा चंचुपात्रातल्या आम्लात टाकली तर सामू किती बदलेल? जवळजवळ मुळीच नाही. उलट आम्लात हे औषधच नासते, म्हणून त्यावर वेष्टन चढवलेले असते आणि म्हणूनच ती गोळी चावू वा कुटू नये. पंप सुरू असताना ते पंपाला चिकटते आणि पंप जेवणाने सुरू होतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. पूर्ण परिणामाला तीन-चार दिवस लागतात. जळजळ सुरू झाल्यावर तोंडात टाकून लगेच आराम मिळेल अशी अपेक्षा करणे म्हणजे पुस्तकातले चंचुपात्र डोक्यात ठेवून औषध घेणे होय.

हे औषध वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. रक्तस्राव झालेल्या व्रणाच्या रोग्याला, किंवा दीर्घकाळ वेदनाशामके घ्यावी लागणाऱ्या वृद्धांना ते आवश्यक असू शकते, आणि कोणीही ऐकीव माहितीवर ते बंद करू नये. पण अमेरिकेत चिठ्ठीविना मिळणाऱ्या पाकिटावर चौदा दिवसांची मर्यादा छापलेली असते. आपल्याकडे एकदा लिहून दिलेली गोळी वर्षानुवर्षे चालते. जठरातले आम्ल उगाच नसते. ते जंतू मारते, पेप्सिनला कामाला लावते, अन्नातले ब१२ मोकळे करते, लोह शोषायला मदत करते. पंप दीर्घकाळ बंद राहिले तर ब१२ आणि मॅग्नेशियम कमी पडू शकतात, आतड्याच्या काही संसर्गांचा धोका वाढतो. गोळी अचानक सोडली की काही दिवस आम्ल पूर्वीपेक्षा जास्त सुटते. मग माणसाला वाटते, आपल्याला हिच्याशिवाय चालतच नाही. आणि छातीतली प्रत्येक जळजळ आम्लाची नसते. घाम, दम लागणे, डाव्या हातात वा जबड्यात कळ असेल तर सोडा शोधत बसू नये, रुग्णालय गाठावे. काळे शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणे, विनाकारण वजन उतरणे, यांवरही घरगुती इलाज नाही.

व्रणांबद्दल नववीच्या पुस्तकात एक उत्तम चौकट होती. रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी ऑस्ट्रेलियात पर्थ येथे दाखवून दिले की जठरव्रणांच्या मुळाशी बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू असतो. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन पाहिला, आणि दोघांना २००५ चे नोबेल मिळाले. त्या चौकटीने दहावीच्या सोड्याच्या प्रश्नाला आपोआप उत्तर दिले होते. २०२२ च्या पाठ्यक्रम-कपातीत ते सबंध प्रकरणच गेले. सोड्याचा प्रश्न मात्र राहिला.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. मुलांनी घरातल्या पोटाच्या औषधांची रिकामी वेष्टने आणावीत आणि घटकांची नावे वाचून तीन ढीग करावेत: आम्ल मारणारी, निरोप अडवणारी, पंप बंद करणारी. भरलेली पाकिटे आणू नयेत आणि घरी कोणाची गोळी बदलू नये, हे आधी बजावावे. मग प्रत्येक ढिगासाठी विचारावे: हे जेवणाआधी घ्यायचे की नंतर, किती दिवस, आणि सोबत दुसरी कोणती गोळी चालू आहे? पुस्तकातला प्रश्न त्यानंतर पुन्हा वाचून, त्यातल्या माणसाला उत्तर देण्याआधी आणखी काय काय विचारावे लागेल, याची यादी मुलांनीच करावी.