यादीतले यजमान

मराठीत 'यजमान' या शब्दाचे दोन अर्थ. एक, पाहुण्यांना जेवू घालणारा. दुसरा, ज्याचं नाव बायका पूर्वी उखाण्यावाचून घेत नसत तो. संगणकवाल्यांनी तिसरा काढलाय. मोठ्या कंपनीत डिस्कांचं एक सामायिक कोठार असतं. त्यातला माल खायला जे संगणक येतात, त्यांना म्हणायचं 'होस्ट'. म्हणजे पाटावर बसलेला तो यजमान, आणि वाढणारा नुसता वाढपी!

आयबीएमच्या सॅन व्हॉल्युम कंट्रोलर या २००३ सालच्या घराण्यात अशा यजमानांची यादी हवी असली, की काळ्या पडद्यावर 'एलएसहोस्ट' टंकायचं. कृपया नाही, लोभ असावा नाही. 'लिस्ट'मधली दोन इंग्रजी अक्षरंसुद्धा गाळलेली. ही काटकसर युनिक्सच्या १९७१च्या पहिल्या मॅन्युअलाइतकी जुनी.

उत्तर येतं ते आहेराच्या वहीसारखं. क्रमांक, नाव, पोर्ट किती, स्थिती काय. क्रमांक शून्यापासून, म्हणजे मानाचा पहिला पाहुणा शून्य! विशेषण औषधालाही नाही. शैलीला आम्ही पैकीच्या पैकी मार्क देतो.

तक्रार आहे ती स्थितीच्या रकान्याबद्दल. तिथं शब्द तीन. ऑनलाइन, म्हणजे सगळ्या वाटा चालू. डिग्रेडेड, म्हणजे काही वाटा बंद. घरात आहे, पण अबोला. आणि ऑफलाइन, म्हणजे एकही वाट चालू नाही. का नाही, ते यादी सांगत नाही. तो भंगारात गेला, त्याची केबल निघाली, की फक्त मार्चअखेरीला जागा होणारा हिशेबनीस आहे? तिघांनाही शब्द एकच. त्याच्या नावावर कोठारात काही ठेवलंय का, हेही इथं नाही. त्यासाठी 'एलएसहोस्टव्हीडिस्कमॅप' ही वेगळी आज्ञा.

आणि साफसफाईचा उत्साह असलेली माणसं नेमकी एवढीच यादी वाचून 'आरएमहोस्ट' टंकतात. नावावर काही असेल तर यंत्र बिचारं नकार देतं. पण त्याला 'फोर्स' नावाचं शेपूट जोडायची सोयही त्याच यंत्रात आहे. मग माल कोठारातच राहतो, फक्त मालकाची वाट जाते. मार्चअखेरीला तो हिशेबनीस उठतो, तेव्हा समोर पाट असतो, ताट नसतं.

यादी खोटं बोलत नाही, कमी बोलते. दारावर 'घरी नाही' एवढीच पाटी दिसली, तर तेराव्याची पंगत मांडू नये. आधी शेजारी चौकशी करावी.