विकतचा पराक्रम

जत्रेच्या हगाम्यासाठी वर्गणी जमली, की पंचमंडळींपुढे दर वर्षी एकच पेच उभा राहतो. जमलेल्या रकमेतून एखादा नामांकित मल्ल शेवटच्या कुस्तीसाठी आणावयाचा, की तीच रक्कम पंचक्रोशीतल्या होतकरू पोरांच्या वीस-पंचवीस जोडांवर वाटून द्यावयाची? नामांकित मल्ल आला म्हणजे गर्दी लोटते, हलगीला जोर चढतो आणि गावाचे नाव चार गावांत होते. पण तो कधी दुखऱ्या गुडघ्यानिशी येतो, घटकाभर खडाखडी करून कुस्ती बरोबरीत सोडवितो आणि बिदागी घेऊन रातोरात मार्गस्थ होतो. मग वर्षभर पारावर पंचांचा उद्धार चालतो. गंमत अशी, की ज्यांनी 'मोठा गडी आणा' म्हणून सर्वांत मोठा आवाज काढलेला असतो, तेच या उद्धारात पुढे असतात.

आमचे सणसर हे बारामती आणि इंदापूर यांच्या मधले, तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव. फुटबॉलची थोर परंपरा आमच्या गावास आहे, असा दावा आम्ही करणार नाही. तथापि आमच्याच जिल्ह्यात, बालेवाडीच्या मैदानावर, 2014 पासून 2019 पर्यंत 'एफसी पुणे सिटी' नावाच्या संघाने जो कारभार केला, त्याचा विचार करू लागलो म्हणजे आम्हांस हगाम्याच्या या पंचांची वारंवार आठवण होते. नाटकावर आणि कादंबरीवर टीका लिहिणाऱ्या या पृष्ठांवर चेंडूच्या खेळास जागा का, असे कोणी विचारील. आमचे उत्तर इतकेच, की संघ उभारणे हीही एक रचना आहे. तिच्यातही पात्रांची निवड असते, खर्चाचा मेळ असतो आणि समोर तिकीट काढून बसलेला प्रेक्षक असतो. गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाची आणि तिला ग्रासणाऱ्या कर्जाची कथा ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे, त्यांस हा विषय परका वाटू नये.

2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा प्रत्येक संघाने एक जगप्रसिद्ध खेळाडू आणावा, असा चालकांचाच आग्रह होता. दिल्लीने देल पिएरो आणला, गोव्याने पिरेस आणला, पुण्याने दाव्हिद त्रेझेगे आणला. त्रेझेगे हा 1998 च्या विश्वविजेत्या फ्रेंच संघातला. 2000 साली युरोपच्या अंतिम सामन्यात इटलीवर निर्णायक गोल करणारा तोच. पुण्यास तो आला, तेव्हा त्याच्या वयाला सदतिसावे वर्ष लागलेले होते. पुढच्या वर्षी रुमानियाचा आद्रियान मुतू आला. त्यानेही पस्तिशी ओलांडली होती. 2016 साली चेल्सी आणि बार्सिलोना गाजविलेला आइसलंडचा गुडयॉनसन याच्या नावाची घोषणा झाली. पण दुखापतीमुळे तो एकही सामना न खेळता गेला आणि त्याच्या जागी सिसोको आला. तिन्ही हंगामांत संघ पहिल्या चारांत पोचला नाही.

येथे कोणी म्हणेल, की नावाजलेला खेळाडू नसता तर बालेवाडीस माणूस फिरकला असता काय? प्रश्न रास्त आहे. नवा संघ, नवे गाव; प्रेक्षक गोळा करावयास काही तरी आमिष हवेच. पहिल्या वर्षी त्रेझेगे आणला, यास आम्ही दोष देत नाही. दोष दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा आहे. पहिल्या प्रयोगास जे गर्दीसाठी केले, तेच पुढे धोरण होऊन बसले. त्यात दर वर्षी प्रशिक्षकही बदलला. कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल अशी नामावळी पाहिली म्हणजे पाच हंगामांत पाच निरनिराळे मनसुबे झाले, हे उघड होते. एका प्रशिक्षकाने आपल्या पद्धतीसाठी वेचून घेतलेला गडी दुसऱ्याच्या पद्धतीत अडगळ होतो. पैसा कमी असतो तेव्हा हा अपव्यय श्रीमंत संघापेक्षा गरिबास अधिक जाचतो; श्रीमंताची चूक पुढच्या खरेदीने झाकली जाते, गरिबाची पुढचे तीन हंगाम दिसत राहते.

चौथ्या हंगामात मात्र याच संघाने एक शहाणपणाची गोष्ट केली, आणि आमच्या मते या साऱ्या कथेतला अभ्यासण्याजोगा भाग हाच आहे. 2017 साली पुण्याने मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो या दोघांस घेतले. युरोपातील मोठ्या संघांत यांपैकी कोणाचेही नाव झालेले नव्हते. परंतु दोघेही आदल्याच वर्षी याच स्पर्धेत खेळले होते. दिल्लीकडून खेळताना मार्सेलिन्हो तर 2016 चा सर्वाधिक गोल करणारा ठरला होता. म्हणजे येथली हवा, येथले मैदान, येथले लांबलांब प्रवास या गड्यांस मानवतात, हे सिद्ध झालेले होते. कीर्ती पाहून घेण्याऐवजी काम पाहून घेतले, आणि संघ प्रथमच उपांत्य फेरीत गेला. तेथे पुण्यातला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि बंगळूरास सुनील छेत्रीच्या तीन गोलांनी घात झाला. तरी त्या हंगामात बालेवाडीस जे पाहावयास मिळाले, त्याला खेळ म्हणता येत होते.

परदेशातही कमी पैशाच्या संघांनी याच वाटेने नाव काढले आहे. लंडनच्या एका कोपऱ्यातला ब्रेंटफर्ड संघ आकडेमोड करून दुर्लक्षित खेळाडू स्वस्तात घेत, घडवीत आणि महागात विकीत गेला. 1947 नंतर जी पहिली श्रेणी त्याने पाहिली नव्हती, तीत तो 2021 साली पोचला. स्पेनमधील बिल्बाओच्या अथलेटिक संघाची तऱ्हा याहून निराळी. बास्क प्रांताशी नाते असलेलेच खेळाडू घ्यावयाचे, हा त्यांचा शतकाहून जुना रिवाज. या निर्बंधानिशीही तो संघ स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून आजवर कधी खाली उतरलेला नाही, आणि 2024 साली चाळीस वर्षांनी त्याने राजाचा चषक जिंकला. ती चाळीस वर्षे तिथल्या प्रेक्षकाने काढली, हे येथे ध्यानी घ्यावे. आमचा प्रेक्षक चार वर्षे काढीत नाही. पण त्यालाच का बोल लावावा? बिल्बाओच्या माणसास ठाऊक असते, की मैदानावरचा पोरगा आपल्या शेजारच्या गल्लीतला आहे, आणि संघ उद्याही येथेच असणार आहे. पुण्याच्या प्रेक्षकास यांपैकी कशाची हमी होती?

हमी नव्हतीच. 2007 साली पिरामल समूहाने 'पुणे एफसी' काढला. त्याची बांधणी आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. डेरिक परेरांसारख्या गोमंतकीय प्रशिक्षकाकडे त्यांनी संघ दीर्घकाळ ठेवला, मामुर्डीस निवासी प्रशिक्षणशाळा घातली, आणि 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळविला. तो संघ 2015 साली बंद झाला. 'डीएसके शिवाजियन्स' 2017 साली थांबला. 2019 साली पुणे सिटीही आटोपला, आणि स्पर्धेतली त्याची जागा हैदराबादकडे गेली. एका तपात तीन संघ! शिस्तीने चालणारा आणि शिस्त सोडून चालणारा असे दोन्ही प्रकार बुडाले, हे मान्य करणे टीकाकारास भाग आहे. तेव्हा केवळ खेळाडूंची निवड शहाणपणाची केल्याने संघ जगतो, असा सिद्धांत आम्हांस मांडता येत नाही. धन्याची मर्जी किंवा त्याच्या इतर धंद्यांची प्रकृती बिघडली, की उत्तम संघही एका रात्रीत मोडतो. गोव्याच्या धेंपो संघाने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले, क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक अशा गोमंतकीय खेळाडूंच्या पाठीच्या कण्यावर रँटी मार्टिन्स आणि बेटो यांसारखे परदेशी जोडून. असा संघही 2016 साली राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडला आणि 2024-25 मध्ये परतला. परंतु धेंपो परतू शकला, कारण संघ तेथेच होता. मुलांचे फुटबॉल चालू होते. पुण्यात परतावयास काय उरले?

उरले ते मामुर्डीसारख्या शाळेतून गेलेले खेळाडू. आशिक कुरुनियन हा केरळचा मुलगा तेथे वाढला, पुणे सिटीकडून खेळला, भारताच्या संघात गेला. 2019 साली तो बंगळूरास गेला. आमच्या भागात आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. त्याला पाणी घालणारा शेतकरी मध्येच बांध सोडून गेला, तर तोडणीचा लाभ दुसऱ्यास होतो. आशिकच्या बाबतीत तसेच झाले. ही तुलना ज्यांस गावंढळ वाटेल, त्यांनी क्षमा करावी.

कोल्हापूरकडे पाहिले, तर चित्र उलटे आहे. तेथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ पिढ्यानपिढ्या उभे आहेत. धनी नाही, पेठ आहे. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. पण तेथेही पेठेची ईर्ष्या अशी, की हरणे सोसवत नाही. मग बाहेरचे, प्रसंगी आफ्रिकेतले खेळाडू हंगामापुरते येतात आणि तालमीतलाच पोरगा कडेला बसतो. वर्गणीदारास जिंकणेही हवे आणि आपला पोरही खेळावयास हवा. दोन्ही एका वर्गणीत बसत नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगण्याचे धैर्य फार थोड्या कार्यकर्त्यांत असते.

हेच धैर्य पुण्याच्या चालकांनी एकदाही दाखविले नाही, ही आमची मुख्य तक्रार. 'आमच्याजवळ पैसा इतका, त्यातून पहिली दोन वर्षे आम्ही सातवे-आठवे राहू, पण आमच्या पंचवीसांत इतके महाराष्ट्रातले मुलगे असतील,' असे कोणी सांगितले असते, तर प्रेक्षक पळाला असता, असे आम्हांस वाटत नाही. बारामतीहून शंभर किलोमीटर येऊन सामना पाहणारा माणूस विजयाचीच पावती मागत नाही. आपण कशासाठी आलो, हे त्याला कळावे लागते. त्याऐवजी त्याला दर वर्षी एक मोठे नाव ऐकविले गेले, आणि नावाबरोबर आपोआप वाढणाऱ्या अपेक्षेचे ओझे पुढे ज्या खेळाडूंवर पडले, त्यांनी ती नावे निवडलेली नव्हती.

पुण्याची जागा घेतलेल्या हैदराबादने 2022 साली स्पर्धा जिंकली. पुढच्या दीड-दोन वर्षांत तेथेही पगार थकले आणि खेळाडू पांगले. चषक मात्र त्यांच्या नावावर राहिला आहे. बालेवाडीच्या नावावर 2018 चा एक उपांत्य सामना आहे, तोही गोलशून्य.