रसिकाची संमती आणि संगीतातील राजकारण : तंजावरच्या निमित्ताने

'गायकाने गावे, राजकारण करू नये' ही रसिकांची तक्रार जुनी आहे. संगीत मुळात राजकारणापासून अलिप्त असते आणि एखादा गायक ते बाहेरून आत आणतो, हे या तक्रारीतील गृहीतक होय. कर्नाटक संगीताची जडणघडण ज्या भूमीत झाली त्या तंजावर परिसराच्या इतिहासाच्या आधारे हे गृहीतक तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ एका सर्वपरिचित आख्यायिकेने करता येईल. सरफोजी (दुसरे) यांच्या दरबाराचे निमंत्रण त्यागराजांनी (१७६७–१८४७) नाकारले आणि धनापेक्षा रामसन्निधी श्रेष्ठ मानली, असे परंपरा सांगते. राजाश्रय नाकारणे ही, अन्य काहीही असो, राजसत्तेविषयी घेतलेली भूमिका आहे. तरीही कोणा रसिकाला त्यात राजकारण दिसत नाही. दिसते ती केवळ भक्ती. मराठी अभ्यासकाला ही कथा काहीशी अवघडून टाकणारी आहे, कारण ज्या सत्तेला हा नकार मिळाला ती भोसल्यांची होती. ज्या सरफोजींना आपण विद्याव्यासंगी आश्रयदाते म्हणून गौरवितो, ते येथे वैराग्याची कसोटी पाहणारे प्रलोभन म्हणून उभे राहतात.

दुसरा मुद्दा भाषेचा. मराठीभाषक शहाजी राजांनी (कारकीर्द १६८४–१७१२) तमिळ प्रदेशात राज्य करीत असता तेलुगूत 'पल्लकी सेवा प्रबंधम्' रचले आणि 'पंचभाषाविलास' या नाटकात पाच भाषा एकत्र आणल्या. तेलुगूला गेयतेची भाषा म्हणून तंजावरात मिळालेली प्रतिष्ठा नायक व मराठा या दोन राजघराण्यांच्या आश्रयातून दृढ झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतरांसारख्या कथाकारांनी मराठी कीर्तनातील साकी, दिंडी, अभंग हे प्रकार तमिळ हरिकथेत रुळवले. त्या काळी या परक्या छंदांनी संगीत भ्रष्ट झाल्याची ओरड झाली नाही. अशी ओरड झाली ती तमिळ भाषेनेच मंचावर समान स्थान मागितले तेव्हा.

१९४१ साली राजा अण्णामलै चेट्टियार यांच्या पुढाकाराने 'तमिळ इसै' चळवळीने आकार घेतला. मैफलीत तमिळ गीते शेवटच्या फुटकळ भागात न ढकलता त्यांना मुख्य स्थान द्यावे, ही तिची मागणी होती. मद्रासच्या म्युझिक अकादमीने तिला विरोध केला. मात्र या वादाचे चित्र 'ब्राह्मण रसिक विरुद्ध द्राविड चळवळ' असे सरळ रेखाटता येत नाही. संगीतसमीक्षक म्हणून दबदबा असलेले 'कल्की' कृष्णमूर्ती आणि राजाजी हे दोघेही तमिळ इसैच्या बाजूचे होते.

१९४६ साली तिरुवैयारु येथील त्यागराज आराधनेत एम. एम. दंडपाणि देशिकर यांनी तमिळ गीत गायले आणि मंच अपवित्र झाल्याची भावना उमटली. मु. करुणानिधी यांनी पेरियारांच्या 'कुडी अरसु' पत्रात 'विटाळ झाला' अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहून ती जगजाहीर केली. गीत देवस्तुतीचे होते. त्याच्या आशयात राजकारण नव्हते. राजकारण ऐकणाऱ्याच्या कानात होते. हेच देशिकर १९४२ च्या 'नंदनार' या चित्रपटात मंदिरप्रवेशासाठी तळमळणारा अस्पृश्य भक्त म्हणून गायले होते. पडद्यावरच्या नंदनारासाठी कळवळणे आणि मंचावर तमिळ पदाने विटाळ मानणे, या दोन्ही गोष्टी एकाच समाजात नांदू शकल्या.

ज्या स्थळाच्या पावित्र्याची ही चिंता होती ते समाधिमंदिर बंगळूर नागरत्नम्मा (१८७८–१९५२) या देवदासी गायिकेने १९२० च्या दशकात स्वतःच्या मिळकतीतून उभे केले होते. तेथील उत्सवात स्त्रियांना गायनाची मुभा नसल्याने तिला स्त्रियांची वेगळी आराधना भरवावी लागली. निरनिराळे गट १९४० मध्ये एकत्र आले. तिचा लढा आज आराधनेच्या गौरवगाथेचा भाग झाला आहे.

तुलनेसाठी मराठी उदाहरण घेऊ. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा संयुक्त 'मानापमान'चा प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी झाला. हेतू उघडच राजकीय होता. पण रसिकांच्या स्मृतीत तो दोन गळ्यांची जुगलबंदी म्हणून राहिला. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकाच्या श्रोत्यांनी अमरशेख किंवा अण्णाभाऊ साठे यांच्याकडे राजकारण वर्ज्य करण्याची मागणी केली नाही, कारण शाहिरी ऐकावयास बसतानाच तो करार झालेला असे. निष्कर्ष असा, की स्वतःच्या संमतीचे राजकारण रसिकाला राजकारण वाटतच नाही.

मार्च २०२४ मध्ये म्युझिक अकादमीने टी. एम. कृष्णा यांना 'संगीत कलानिधी' घोषित केल्यावर उसळलेला वाद याच प्रकाशात वाचावा लागतो. रंजनी–गायत्री या गायिकाभगिनींनी त्या वर्षीच्या परिषदेतून अंग काढून घेतले. कृष्णांनी पेरियारांचा केलेला गौरव हा त्यांच्या आक्षेपांपैकी एक प्रमुख आक्षेप होता. येथे समीक्षकाने घाई करू नये. ज्याच्यासाठी राम हे केवळ रचनेचे निमित्त नसून उपास्य आहे, त्या श्रोत्याची व्यथा 'वर्चस्व टिकवण्याची धडपड' एवढ्या निदानात संपत नाही. परंतु गीतातले राजकारण, गायकाचे राजकारण आणि मंचाचे राजकारण या तीन भिन्न गोष्टी आहेत. कृष्णांनी २०१७ मध्ये एन्नोर खाडीच्या नाशावर बोलीभाषेतले गीत गायले, तेव्हा प्रश्न पहिल्या प्रकारचा होता. २०२४ चा दुसऱ्या. देशिकरांच्या बाबतीत पहिले दोन्ही नव्हते. होते ते तिसरेच. त्याचा उच्चार मात्र कोणी केला नाही.

आराधनेत एकमुखाने गायिल्या जाणाऱ्या पंचरत्नांपैकी चार तेलुगूत आणि एक संस्कृतात आहे. त्या गायनाची भव्यता निर्विवाद आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. केवळ एवढेच, की त्या सुरांत तल्लीन होणाऱ्याने, आपण राजकारणाच्या पलीकडे बसलो आहोत असे समजू नये. तो पूर्वी लढल्या गेलेल्या आणि आता विसरल्या गेलेल्या वादांच्या छायेत बसलेला असतो.