भिंतीवरचे सोंग

रिचमंड हिलच्या आमच्या घरात बैठकीच्या भिंतीवर जव्हारहून आणलेला एक मुखवटा आहे. कागदाच्या लगद्याचा, भडक रंगांचा. आल्यागेल्याला मी तो मोठ्या कौतुकाने दाखवीत असे. अलीकडे टोरांटोच्या एका संग्रहालयात आफ्रिकी मुखवट्यांसमोर उभी राहिले आणि त्या कौतुकाचा मला जरा संकोच वाटू लागला.

सिएरा लिओनच्या मेंडे स्त्रियांचा सोवेई मुखवटा घ्या. उंच कपाळ, त्यावर बारीक कोरलेली केशरचना, अर्धवट मिटलेले डोळे, लहानसे बंद तोंड, मानेला वळ्या आणि सगळ्यावर काळीभोर झिलई. मुलींना स्त्रीत्वाची दीक्षा देणाऱ्या सांदे मंडळात तो स्त्रियाच घालतात. आफ्रिकेत बहुतेक मुखवटे पुरुष घालतात, म्हणून याचे मोल वेगळे. मिटलेल्या तोंडात संयम आहे, कपाळात शहाणपण. एका लाकडात कोरलेला हा मुखवटा टोपासारखा डोक्यावर बसतो आणि खाली राफियाचा काळा झुपका अंग झाकतो. पेटीत मात्र नुसते डोके उरते. झिलई चमकायची ती नाचताना; स्थिर दिव्याखाली ती फक्त गुळगुळीत दिसते.

१९०७ साली पिकासोने पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात असे मुखवटे पाहिले आणि युरोपच्या चित्रकलेला वळण लागले, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण त्या कौतुकात आकार उरला, नाचणारी माणसे गळाली. टोरांटोच्या रॉयल ऑन्टारिओ म्युझियममध्ये १९८९-९० साली आफ्रिकेवरचे प्रदर्शन झाले, त्यात मिशनऱ्यांची जुनी वाक्ये उपरोधाने मांडली होती. पुष्कळांना तो उपरोध कळलाच नाही. कृष्णवर्णीय समाजाने निदर्शने केली. संग्रहालयाने जाहीर माफी मागितली ती २०१६ साली. वस्तू खऱ्या होत्या, पण ज्यांच्या त्या होत्या त्यांना बोलू दिले नव्हते.

आणि आपण? जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात रात्रभर संबळ वाजतो, मशालींच्या उजेडात देव-दानव नाचत येतात. तिथे त्यांना ‘सोंगे’ म्हणतात. या एका शब्दात चेहरा, पोशाख, चाल आणि आत नाचणारा माणूस, सगळेच आले. संग्रहालय जे तोडते ते आपल्या भाषेने जोडून ठेवले आहे. ते वटारलेले डोळे, ते भडक रंग माझ्या बैठकीत बटबटीत वाटतात. मशालीच्या हलत्या उजेडात, लांबून पाहणाऱ्यासाठी ते अगदी मापात असतात. दोष रंगवणाऱ्याचा नाही, माझ्या भिंतीचा आहे.

परवा मुलीने विचारले, “आई, हा घालून कोण नाचलं होतं?” कोणीच नाही, मी म्हणाले, तो दुकानासाठीच केलेला. “म्हणजे हे सोंग अजून निघालंच नाही,” ती म्हणाली.

मुखवटा अजून भिंतीवरच आहे. पण पाहुण्यांना दाखवताना आता मी बोहाड्यापासून सुरुवात करते.