झाकणावरचं पाणी

क्योतो शहरात एखाद्या खास प्रसंगासाठी उंची जेवण ठरवायचं असेल, तर बहुतेक जण आधी रेस्टॉरंट निवडतात, मग तारीख बघतात. मी आधी महिना ठरवीन. तिथल्या ‘र्‍योतेई’मध्ये, म्हणजे परंपरागत भोजनगृहात, समोर काय येणार हे स्वयंपाक्याच्या नावाइतकंच पंचांगावर ठरतं. ज्या एका वाडग्यासाठी हा सगळा खटाटोप करावा, तो जुलैत एक असतो आणि नोव्हेंबरात अगदी वेगळा. मला जुलैतला आवडतो.

ही पसंती जरा आडमुठी आहे, हे मान्य. तिन्ही बाजूंनी डोंगर असलेलं क्योतो जुलैत घामाने भिजवून काढतं. चेरीच्या फुलांचा हंगाम संपलेला, लाल पानांचा अजून लांब. पण याच महिन्यात गिओन मात्सुरी हा शहराचा मोठा उत्सव असतो आणि त्याला क्योतोचे लोक ‘हामो मात्सुरी’ असंही म्हणतात. हामो हा एक मासा. आपल्या किनाऱ्यावर कोळणीकडे जी वाम मिळते, तिच्याच कुळातला: लांब, सापासारखा, दात विचकणारा आणि काट्यांनी भरलेला. समुद्रापासून दूर असलेल्या या जुन्या राजधानीत पूर्वी उन्हाळ्यात ताजा मासा पोचणं अवघड होतं. हामो मात्र चिवट. ओसाका आणि आवाजी बेटाच्या बाजूने निघालेला हा मासा वाटेतला उकाडा सोसून जिवंत पोचायचा. गरजेने खाल्लेल्या या माशाचं शहराने पुढे इतकं कौतुक केलं, की आज हामोशिवाय क्योतोचा उन्हाळा पुरा होत नाही.

या भोजनगृहांतलं जेवण काइसेकी पद्धतीचं. तिच्या दोन शाखा आहेत. एक चहाच्या समारंभातली, सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहागुरूने साधेपणाच्या शिस्तीत बसवलेली. दाट हिरवा चहा रिकाम्या पोटी नको म्हणून आधी थोडा भात, सूप आणि मोजके पदार्थ. दुसरी भोजनगृहातली, साके या मद्याच्या आणि गप्पांच्या सोबतीने वाढलेली. पहिलीत भात सुरुवातीला येतो, दुसरीत शेवटी. आपण जाणार ते दुसऱ्या शाखेच्या जेवणाला.

आपल्या पानात मिठाची जागा, लिंबाची जागा, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी असं सगळं ठरलेलं असतं. पण कशाबरोबर काय खायचं आणि कशाकडे पुन्हा वळायचं हे जेवणाऱ्याच्या हातात. काइसेकीत ती मुभा नाही. एक पदार्थ येतो, संपतो, भांडं उचललं जातं, मगच पुढचा. सुरुवातीला साकिझुके, म्हणजे घासभर काहीतरी. मग सुमारे २४ सेंटिमीटर चौरस तबकावर हंगामातले डोंगर-समुद्राचे जिन्नस मांडलेलं हास्सुन. मग कच्च्या माशाचे काप, झाकणाचा वाडगा, भाजलेला मासा, शिजवलेल्या भाज्या, आणि शेवटी भात, लोणचं आणि मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं, सूप. घराघराप्रमाणे क्रम थोडा हलतो. पण स्वयंपाक्याची परीक्षा दोनच जागी होते, असं तिथले जाणकार मानतात: कच्चा मासा आणि वाडगा. मासा चांगला निवडणं हे अर्धं बाजारातलं कौशल्य. वाडग्यात मात्र लपायला जागा नाही.

वाडगा येतो तो काळ्या किंवा लाल लाखेचा. झाकणावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडलेले असतात. दिसायला दंव, आणि उन्हाळ्यात डोळ्यांना गार वाटतं हे खरंच. पण त्यात एक ग्वाहीही असते. मधे कुणी झाकण उघडलं असतं, तर थेंब असे शाबूत राहिले नसते. आतल्या वाफेमुळे झाकण घट्ट बसलेलं असतं. ओढाताण करू नये. वाडग्याच्या कडा बोटांनी हलकेच दाबल्या की हवा शिरते आणि झाकण सुटतं. आणि मग वास. तो एकदाच येतो, म्हणून या क्षणी बोलणं थांबवावं. फोटो नंतर काढता येतो.

आत पारदर्शक रस्सा आणि त्यात पांढरं फूल. हे फूल म्हणजे हामो. त्याचे काटे इतके बारीक आणि इतके जास्त, की उपसून काढणं अशक्य. म्हणून जाड, जड सुरीने मांसावर चिरा देतात. तीन सेंटिमीटरभर लांबीत साधारण चोवीस-पंचवीस. प्रत्येक चीर काट्यांसकट मांस कापते, पण खालची कातडी शाबूत राहायला हवी. मग कुझू नावाच्या वेलीच्या मुळांचं पांढरं पीठ त्या चिरांमध्ये भुरभुरवतात आणि तुकडा उकळत्या पाण्यात सोडतात. कातडी आकसते, चिरा उलगडतात, आणि काटेरी मासा पिओनीच्या फुलासारखा फुलतो. या रूपाला ‘बोतान हामो’ म्हणतात. बाजूला बहुधा जुन्साई: तळ्यातल्या एका वनस्पतीच्या कळ्या, बुळबुळीत आवरणातल्या. वर हिरव्या युझूच्या, म्हणजे एका लिंबूवर्गीय फळाच्या, सालीचा नखाएवढा तुकडा. शोभेपुरती वाटते ती साल, पण झाकण उघडल्यावर पहिल्यांदा नाकाशी येते ती तीच.

आता घोट घ्या. मराठी जिभेचा पहिला निकाल ठरलेला: अळणी! तिखटाचं सोडा, मीठही कमी. इथेच या पदार्थाची सगळी बुद्धी आहे. मीठ पहिल्या घोटासाठी बेतलेलंच नसतं, ते शेवटच्या घोटासाठी असतं. वाडगा पूर्ण प्यायचा असतो. मधे माशाचा तुकडा मोडला की त्याचा स्निग्ध अंश रश्शात उतरतो, युझूचं तेल पसरतं, जीभ हळूहळू सरावते. पहिल्याच घोटाला ‘वा!’ म्हणवणारा रस्सा तळाशी पोचेपर्यंत खारट होऊन बसतो. खाणाऱ्याची दाद लांबणीवर टाकायला स्वयंपाक्याकडे धैर्य लागतं. आपल्याकडे पहिल्या घासाला दाद मागणारे स्वयंपाकी पुष्कळ, शेवटच्या घासाचा हिशेब ठेवणारे कमी.

हा रस्सा म्हणजे दाशी. वरकरणी दोनच जिन्नस: कोंबू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे कुप्याच्या जातीचा मासा शिजवून, धुरावून, लाकडासारखा कडक वाळवून काढलेल्या चकत्या. क्योतोत होक्काइदोजवळच्या रिशिरी बेटाचा कोंबू पसंत करतात, कारण त्याचा रस्सा नितळ निघतो. शहराचं पाणीही मृदू. १९१२ साली सुरू झालेल्या किकुनोई या भोजनगृहाचे तिसऱ्या पिढीतले मालक योशिहिरो मुराता कोंबू ६० अंश सेल्सिअसवर तासभर ठेवतात, मग काढून टाकतात, पाणी आणखी तापवून त्यात चकत्या घालतात आणि लगेच गाळतात. कोंबू असताना उकळी फुटली तर शेवाळाचा उग्रपणा रश्शात उतरतो. १९०८ साली तोक्योत किकुनाए इकेदा यांनी याच कोंबूमधून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. पाच वर्षांनी त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतला इनोसिनेटचा भाग दाखवला. दोन्ही एकत्र आले की चव नुसत्या बेरजेहून कितीतरी वाढते. स्वयंपाकघरांना हे जिभेने आधीच कळलेलं होतं.

वाडग्यानंतरचं जेवण मी थोडक्यात सांगतो, कारण तो उतार आहे. आयू हा नदीतला छोटा मासा, पोहत असल्यासारखा नागमोडी सळईत ओवून मीठ लावून भाजलेला. डोक्यासकट, कडवट आतड्यासकट खायचा, सोबत तादे या तिखट पानाचं हिरवं व्हिनेगर. तो कडवटपणा टाळू नये. कामो वांगं, गोल आणि गरगरीत, त्यावर मिसो. साके चालू असेपर्यंत भात येत नाही. साकेही तांदळापासूनच बनते, म्हणून दोन्ही एकदम नकोत. शेवटी मातीच्या भांड्यातला भात, वांगी आणि जांभळ्या शिसोच्या पानांचं शिबाझुके लोणचं, गडद मिसो सूप. एवढ्या डौलानंतर मेजवानी वाफाळत्या भातावर येऊन थांबते, हे मला फार आवडतं.

म्हणून बेत आखताना या वाडग्याला काय बाधेल याचा विचार आधी करावा. अत्तर लावून जाऊ नये, युझू हरतो. अंगठ्या आणि जाड कडी काढून ठेवावीत, लाखेवर ओरखडे पडतात. उशिरा पोचू नये. हामो फुलवायची वेळ पाहुण्याच्या वेळेला बांधलेली असते. काही जुनी घरं ओळखीशिवाय नवा पाहुणा घेत नाहीत, पण अनेक ठिकाणी चांगल्या हॉटेलच्या मदतनीसामार्फत जागा मिळते. ऐन वेळी बेत रद्द केला तर बहुधा पूर्ण पैसे भरावे लागतात, आणि ते योग्यच आहे. खिशाला रात्र जड वाटली तर दुपारचं जेवण बघावं. बऱ्याच घरी ते बरंच स्वस्त असतं.

आई-वडिलांना घेऊन जात असाल तर गुडघ्यांचा विचार करा. तातामीच्या चटईवर दोन तास मांडी घालणं त्यांना जमणार नसेल, तर खाली पाय सोडायला खड्डा असलेलं टेबल किंवा खुर्च्यांची खोली आरक्षण करतानाच मागा. मानाच्या पाहुण्यांना तोकोनोमाकडे, म्हणजे चित्रगुंडाळी आणि फुलं मांडलेल्या कोनाड्याकडे, पाठ करून बसवतात. मान त्यांचा, पण चित्र दिसणार समोरच्यांना. बसण्यापूर्वी त्यांना ते नीट दाखवून घ्या.

शाकाहारी असाल तर अशा भोजनगृहात जाऊच नका, असं मी स्पष्ट सांगेन. मासा फक्त वाडग्यात तरंगत नाही, तो दाशीत, म्हणजे जवळपास प्रत्येक पदार्थाच्या पाण्यात आहे. तो काढून टाकायला सांगणं म्हणजे सगळं जेवण उसवायला सांगणं. त्यापेक्षा आराशियामातल्या तेनर्‍यूजी मंदिराच्या आवारात शिगेत्सू आहे. तिथलं शोजिन जेवण झेन मठांच्या परंपरेतलं, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. ती तडजोड मुळीच नव्हे, स्वतंत्र आणि तितकीच काटेकोर परंपरा आहे.

कच्च्या माशाची भीती असेल तर निघण्यापूर्वी मुंबईत ती घालवून घ्यावी. ताजमहाल पॅलेसमध्ये ‘वसाबी बाय मोरिमोतो’ २००४ साली सुरू झालं, आता इतरही जागा आहेत. बाकी तयारी फारशी नाही. स्वच्छ मोजे घाला, टिप देऊ नका, अ‍ॅलर्जी असेल तर आरक्षणाच्या वेळीच कळवा. आणि त्या दिवशी दुपारी रामेन नूडल्सच्या दुकानात शिरू नका. त्यांच्या रश्शातल्या मिठानंतर रात्रीचा वाडगा नुसतं पाणी लागेल.