कलाशाळेचा संग्रह आणि नागझिरा परिसरातील कोसा वस्त्र : अलंकरणाच्या जतनाची समीक्षा

प्रास्ताविक

वस्त्रकला व उपयोजित कलांचे जतन ही कलाशाळांनी आरंभापासून स्वीकारलेली जबाबदारी आहे. महाराष्ट्रात या जबाबदारीचा इतिहास मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेपासून, म्हणजे १८५७ पासून सुरू होतो. दुसऱ्या टोकाला, गोंदिया व भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवर पसरलेल्या नागझिरा अरण्याच्या परिसरात कोसा रेशमाची परंपरा आहे. कलाशाळेच्या संग्रहामागील दृष्टी या परंपरेला कितपत न्याय देऊ शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संग्रहामागील दृष्टी

एकोणिसाव्या शतकातील कलाशिक्षणात 'अलंकरण' हा स्वतंत्र अभ्यासविषय मानला गेला. वस्तूवरील नक्षी वस्तूपासून वेगळी काढावी, तिची प्रतिकृती करावी आणि ती विद्यार्थ्यांपुढे नमुना म्हणून ठेवावी, अशी ही पद्धत होती. जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली पेस्तनजी बोमनजी यांच्यासारख्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. यांपैकी अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. त्यांवर आधारित ग्रंथ पुढे १८९६-९७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. दरम्यान जॉर्ज टेरी यांच्या प्रयत्नाने कलाशाळेत सुरू झालेल्या कुंभकलेत अजिंठ्याचे आकृतिबंध भांड्यांवर अवतरले. लेण्याच्या भिंतीवरील नक्षी मातीच्या भांड्यावर गेली, तरी तिचे सौंदर्य पुष्कळसे टिकून राहिले. कारण दोन्ही ठिकाणी ती रंगाने, पृष्ठभागावर काढलेली होती.

वस्त्राच्या बाबतीत मात्र ही पद्धत अपुरी पडते. जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ मध्ये सिद्ध केलेला भारतीय वस्त्रांचा संग्रह या दृष्टीने उद्बोधक आहे. अठरा खंडांत सातशे नमुने, असे एकूण वीस संच तयार करण्यात आले. त्यांपैकी तेरा ब्रिटनमध्ये राहिले, तर सात भारतासाठी होते. भारतीय ग्राहकाला काय आवडते, हे ब्रिटिश कारखानदारांना कळावे, हा त्यामागील स्पष्ट हेतू होता. वॉटसन यांनी नमुन्यांसोबत लांबी, रुंदी, वजन आणि उत्पादनाचे ठिकाण नोंदवले, हे त्यांचे श्रेय मान्य करावेच लागेल. परंतु नमुने मिळवण्यासाठी अखंड वस्त्रे कापावी लागली. काठ, अंग व पदर यांचा परस्परसंबंध त्यामुळे तुटला. वस्त्र कसे दिसते हे उरले. ते तसे का दिसते, हे हरवले.

करवती काठाचे उदाहरण

विदर्भातील करवतकाठी साडी हे या मर्यादेचे नेमके उदाहरण होय. मोहाडी तालुक्यातील आंधळगावसारख्या गावांत कोष्टी विणकरांनी ही परंपरा जोपासली. भौगोलिक मानांकनामुळे तिला कायदेशीर ओळखही प्राप्त झाली आहे. करवतीच्या दात्यांसारखी दिसणारी तिची किनार कागदावर उतरवून घेणे कोणत्याही चित्रकाराला सहज शक्य आहे. तथापि ही किनार मुळात रेखाटलेली नसते. ती विणीतून निर्माण झालेली असते.

अंगासाठी कोसा रेशमाचा एक धोटा आणि दोन्ही काठांसाठी दोन स्वतंत्र धोटे, असे तीन धोटे मागावर चालतात. अंगाचा बाणा आणि काठाचा बाणा जेथे भेटतात, तेथे ते एकमेकांत अडकवले जातात. ही भेटीची जागा दर फेरीला ताण्याच्या काही धाग्यांनी पुढे सरकते आणि ठरावीक फेऱ्यांनंतर तशीच मागे येते. त्यातूनच दाता घडतो. भिन्न रंगांच्या व भिन्न जातींच्या धाग्यांचा सांधा एकाच सरळ रेषेवर न येता विखुरला जातो. म्हणजेच येथे अलंकरण व रचना या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दात्याचे चित्र जतन केले आणि फेऱ्यांची मोजणी गमावली, तर छापील कापडावरची किनार आणि विणलेली किनार यांतील भेद सांगण्यास तो संग्रह असमर्थ ठरतो.

धाग्यामागील अरण्य

कोसा रेशमाच्या बाबतीत हा प्रश्न मागापाशी थांबत नाही. तुतीच्या रेशमाचा किडा घरात वाढवला जातो. कोसा किडा मात्र उघड्यावर, ऐन व अर्जुन वृक्षांच्या पानांवर वाढतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतील ढिवर कुटुंबे पक्षी व मुंग्यांपासून त्याची राखण करीत आली आहेत. पुढे कोष उकळून त्यांचा धागा काढला जातो. तो मांडीवर वळून काढण्याची जुनी रीत प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती होती. वस्त्राची मधाळ छटा कोषातूनच येते, तर त्याचा किंचित खडबडीत पोत कोष आणि धागा काढणारा हात या दोहोंतून. वस्त्राच्या नोंदीत वृक्ष, ऋतू आणि ही माणसे नसतील, तर त्या पोताचा अर्थ लागत नाही.

नागझिऱ्याच्या संदर्भात या विधानाला विशेष महत्त्व आहे. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. दुसरीकडे, २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत टसर व कोष यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. वन जतन करणारी व्यवस्था वृक्षाकडे अधिवास म्हणून पाहते; कलासंग्रह नक्षीकडे आकृती म्हणून पाहतो. वृक्ष व नक्षी यांना जोडणारा जाणकार हात या दोन्ही जतनांच्या मधल्या जागेत राहतो, आणि त्याची नोंद दोन्हीकडे होत नाही. अरण्य टिकले व नक्षीही टिकली, तरी वस्त्र नाहीसे होऊ शकते.

कलाशाळेतीलच दुसरी दृष्टी

वरील विवेचनावरून कलाशाळेचे कार्य निरर्थक होते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. जुन्या नमुन्यांवाचून लुप्त झालेल्या रचनेचा पुनर्विचारही शक्य नसतो. शिवाय याच कलाशाळेत वेगळ्या दृष्टीचा अंकुरही आढळतो. १८६५ पासून दहा वर्षे येथे अध्यापन करणारे जॉन लॉकवुड किपलिंग यांनी १८७० मध्ये सरकारच्या सूचनेवरून उत्तर भारतातील कारागिरांची रेखाचित्रे काढली. त्यांत केवळ वस्तू नाही. कामाला बसलेला माणूस, त्याची बैठक आणि त्याची अवजारे आहेत. ही चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १८९१ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने कलाशाळेत सुरू झालेल्या कर्मशाळांनीही कारागिराच्या प्रत्यक्ष कामाला शिक्षणात जागा दिली. वस्त्रसंग्रहाला पुढे नेण्याची खरी दिशा हीच होती.

निष्कर्ष

१. कुंभकला अथवा भित्तिचित्र यांतील नक्षी प्रतिकृतीतून बऱ्याच अंशी टिकते. विणीतून घडलेली नक्षी केवळ प्रतिकृतीतून टिकत नाही.

२. वस्त्राच्या नोंदीत ताणा-बाण्याची मोजणी, धोट्यांची योजना, कोषाचा वृक्ष व हंगाम, धागा काढण्याची रीत आणि विणकराचे नाव यांचा समावेश आवश्यक ठरतो.

३. ही नोंद एकट्या कलाशाळेला करता येणार नाही. गोंदिया व भंडारा येथील महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, समाजशास्त्र व मराठी या विभागांना त्यात स्वाभाविक स्थान आहे.

सर ज. जी. कलाशाळेस २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्याने संशोधनाची नवी शक्यता निर्माण झाली आहे. मुंबईच्या संग्रहातील कपाट आणि नागझिऱ्याच्या कडेचा ऐन यांच्यामध्ये संबंध प्रस्थापित करणे हे त्या संशोधनाचे पहिले काम ठरावे. फेऱ्या मोजणारी आणि कोष पारखणारी माणसे आज आहेत, तोवरच ही नोंद त्यांच्याकडून घेता येईल.